रोज एक कविता, मोफत: परदेशात पीएचडी करणाऱ्यांनी ती कशी वापरावी

‘पोएम-अ-डे’ ही न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स या संस्थेची सेवा. रोज सकाळी एक कविता ईमेलनं येते, पैसे लागत नाहीत. संस्था १९३४ सालची, सेवा २००६ पासूनची. सोमवार ते शुक्रवार आजच्या कवींच्या नव्या, आधी कुठेही न छापलेल्या कविता असतात आणि शनिवार-रविवारी जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या. अमेरिकेत एमएस-पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही सेवा मनाच्या काळजीसाठी सुचवावी का, आणि सुचवली तर कशी वापरायला सांगावी, एवढ्याच प्रश्नासाठी हे परीक्षण आहे. सुचवावी, हे उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. पण नुसतं नाव नोंदवून फारसं काही पदरात पडत नाही. आलेल्या कवितेला स्वतःच्या चार ओळींनी उत्तर दिलं तर ती कामाला येते, आणि त्या चार ओळी मराठीत असाव्यात.

पीएचडीवाल्यांचा विचार वेगळा करायला कारण आहे. २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये एक पाहणी छापून आली. २६ देशांतल्या २३४ संस्थांमधले २,२७९ विद्यार्थी तिच्यात होते आणि त्यातले नव्वद टक्के पीएचडीचे. ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं दिसली, ३९ टक्क्यांमध्ये तेवढ्याच पातळीच्या नैराश्याची. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हे प्रमाण सहापटीहून जास्त होतं. पाहणी समाजमाध्यमांवरून आणि ईमेलवरून फिरवलेली होती, त्यामुळे ज्यांना त्रास होत होता त्यांनीच ती जास्त भरली असण्याची शक्यता धरून हे आकडे वाचावेत. आदल्याच वर्षी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका आढळला. त्रासाशी जोडलेल्या गोष्टीही तिथे तपासल्या होत्या: घर आणि काम यांतली ओढाताण, कामाचा बोजा, निर्णयात आपल्याला किती हात घालू दिला जातो, गाइडची काम करून घेण्याची पद्धत.

यातल्या एकाही गोष्टीवर कवितेचा इलाज नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. गाइड तोच राहतो, स्टायपेंड तेवढाच राहतो. मात्र पीएचडीच्या दिवसाचा एक दोष असा असतो की त्यात काहीच पूर्ण होत नाही. पेपर महिनोन्‌महिने रिव्ह्यूत अडकलेला, कोड अर्धा, प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिसऱ्यांदा लिहायला घेतलेलं. रात्री दिवसभरात काय झालं असं स्वतःला विचारलं तर उत्तर सापडत नाही. वीस ओळींची कविता पाच मिनिटांत वाचून होते, आणि तिच्याबद्दल कुणाला अहवाल द्यायचा नसतो. दिवसात एवढी एक पुरी झालेली गोष्ट असणं ही लहान बाब नाही.

आता सेवेकडे. ईमेलमध्ये आधी शीर्षक, कवीचं नाव आणि कविता, त्याखाली कवितेबद्दल कवीनं लिहिलेलं छोटं टिपण, मग कवीचा परिचय. दर महिन्याला संपादक नवा असतो, त्यामुळे महिना बदलला की निवडीचा रंगही बदलतो. एखादा महिना रुचला नाही म्हणून लगेच नाव काढून टाकू नये. बऱ्याच कवितांना कवीच्याच आवाजातलं वाचन जोडलेलं असतं. ते आवर्जून ऐकावं. इंग्रजी कवितेत ओळ कुठे मोडते आणि श्वास कुठे घेतला जातो हे आपल्याला नुसत्या छापील ओळींवरून चटकन कळत नाही.

त्या टिपणाबद्दल मात्र तक्रार आहे. ते चांगलं लिहिलेलं असतं, आणि पंचाईत तिथेच होते. संशोधन करणाऱ्या माणसाची नजर आपोआप सारांशाकडे धावते. आधी अॅबस्ट्रॅक्ट, मग निष्कर्ष, मग वेळ उरला तर मधलं. तीच सवय इथे लागली की कविता वाचायची राहून जाते आणि ‘कवीला असं म्हणायचं आहे’ एवढंच डोक्यात उरतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे फोनवर कविता संपली की अंगठा थांबवायचा, आणि टिपण दुसऱ्या वाचनानंतरच उघडायचं.

नाव नोंदवताना विद्यापीठाचा पत्ता देऊ नका, खासगी द्या. गाइडचा निरोप, रिव्ह्यूअरचा शेरा, टीएशिपमध्ये (शिकवण्यात मदत करण्याच्या कामात) हाताखाली असलेल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी सगळं विद्यापीठाच्या इनबॉक्समध्ये येतं. कविता वाचायला म्हणून तो उघडला तर कवितेच्या आधी नजर दुसरीकडे पडणार आणि छातीत धडधड सुरू होणार. खासगी जीमेलवरसुद्धा एक फिल्टर लावून घ्यावा. पहिली कविता आली की ती उघडा, वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून अशा ईमेलसाठी फिल्टर बनवण्याचा पर्याय निवडा, ‘स्किप द इनबॉक्स’वर खूण करा आणि ‘कविता’ नावाचं लेबल लावा. आउटलुक असेल तर हेच काम ‘रूल्स’मधून वेगळा फोल्डर ठरवून होतं. म्हणजे कविता तुमच्या वाटेत येत नाही, तुम्ही तिच्याकडे जाता.

जाण्याची वेळ ठरलेली असावी. सकाळी उठल्या उठल्या वाचण्याचा बेत बहुतेकांचा मोडतो, कारण हातात फोन आला की बाकी सगळंही येतं. जेवणानंतरची दहा मिनिटं किंवा लॅबमधून निघण्याआधीची दहा मिनिटं जास्त टिकतात. दुसरी वेळ अधिक चांगली, कारण काम आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा तयार होतो. ज्यांचं काम आणि झोपणं एकाच खोलीत असतं त्यांना हा उंबरठा जास्तच लागतो.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती साठलेल्या ईमेलवर. क्वालिफायर म्हणजे पीएचडीत पुढे जाण्यासाठीच्या परीक्षेचा महिना आला, कविता उघडल्या नाहीत, लेबलपुढे तीसचा आकडा दिसू लागला. आणि वाचायचं राहिलेल्या पेपरांच्या ढिगात अजून एक ढीग पडला. स्वतःची काळजी घेण्यासाठी सुरू केलेली गोष्ट स्वतःला दोष द्यायचं निमित्त होते. म्हणून दर रविवारी त्या लेबलमधलं न वाचलेलं सगळं निवडून पुसून टाकायचं, एकही न उघडता. मागचं भरून काढायला ही काही हजेरी नव्हे. सगळ्या कविता संस्थेच्या संकेतस्थळावर कायम असतात, हरवत काही नाही.

दुसरी अडचण अधिक मुळातली आहे. कविता-उपचारात संगीतोपचाराकडून आलेलं एक तत्त्व आहे, त्याला आयसो-प्रिन्सिपल म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॅक लीडी यांनी ते कवितेच्या बाबतीत मांडलं: माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणारी कविता आधी द्यावी. खचलेल्या माणसापुढे उल्हासाची कविता ठेवली तर तो अधिक एकटा पडतो; आपल्यासारखं कुणाला तरी झालं होतं हे कळलं तर जरा सैल होतो. त्यांनी एक पथ्यही घालून दिलं आहे: ज्या कवितेत आशेला जागाच नाही, जी अपराधी भाव वाढवते किंवा मरणाला गोंजारते, ती अशा वेळी देऊ नये. रोजची सेवा हे पथ्य पाळूच शकत नाही. लाखो लोकांना एकच कविता जाते. तुमचा पेपर नाकारला गेला त्या दिवशी वडिलांच्या मृत्यूवरची कविता येऊ शकते, आणि शीर्षकावरून त्याचा अंदाज येईलच असं नाही. वाईट दिवशी रोजची कविता उघडू नये, हा नियमच करावा.

मग वाईट दिवशी वाचायचं काय? त्यासाठी त्याच संकेतस्थळाचा कवितासंग्रह आहे आणि तो रोजच्या ईमेलपेक्षा मोलाचा आहे. तिथे कविता प्रसंग, विषय आणि रचनाप्रकार यांनुसार शोधता येतात. चिंता, शोक असे विषय निवडता येतात. शिकागोच्या पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावरही अशीच सोय आहे आणि तिथला साठा प्रचंड आहे. १९१२ साली सुरू झालेल्या ‘पोएट्री’ मासिकाचे जुने अंकसुद्धा तिथे मोफत वाचता येतात. मात्र हे शोधकाम बऱ्या दिवशी करून ठेवायचं. मन खाली असताना शोधपट्टीत शब्द टाकून शंभर कवितांतून एक निवडण्याचं त्राण नसतं. एखाद्या निवांत रविवारी सात कविता निवडा: दोन चिंतेच्या, दोन एकटेपणाच्या, एक रागाची, एक अपयशाची आणि एक जिचा कशाशीच संबंध नाही पण म्हणायला गोड वाटते अशी. कागदावर छापून घ्या आणि टेबलाच्या खणात ठेवा. फोनमध्ये ठेवलेली यादी वाईट दिवशी कुणी उघडत नाही. सातांमध्ये तीन तरी मराठी असाव्यात. मराठी विकिस्रोतावर तुकारामांची गाथा, मनाचे श्लोक आणि बरंच जुनं साहित्य मोफत आहे.

‘द स्लोडाउन’ हा पॉडकास्ट याच जातीचा, पण ऐकण्याचा. २०१८ साली ट्रेसी के. स्मिथ या तेव्हाच्या अमेरिकेच्या राजकवयित्रीनं तो सुरू केला, पुढे निवेदक बदलत गेले. भाग सुमारे पाच मिनिटांचा. आधी निवेदक एखादा अनुभव किंवा विचार सांगतो, मग कविता वाचतो. बसथांब्यापासून डिपार्टमेंटपर्यंतच्या चालण्यात तो बरोबर बसतो, आणि जे एकटे राहतात त्यांना दिवसातला पहिला माणसाचा आवाज शांत, न घाईचा मिळतो. याला इनबॉक्स लागत नाही, ही मोठीच सोय. पण कवितेचा अर्थ निवेदकानं आधीच हाताला धरून दाखवलेला असतो, आणि ऐकताना मागे जाता येत नाही. ज्यांना डोळ्यांना पडद्याचा कंटाळा आला आहे त्यांनी इथून सुरुवात करावी. ज्यांना लिहायचं आहे त्यांना ईमेलच बरा.

लिहिण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण नुसत्या वाचनाचा परिणाम लवकर विरतो. दहा मिनिटांचा क्रम असा ठेवावा. कविता एकदा मोठ्यानं वाचायची, खोलीत कुणी असेल तर ओठ हलतील एवढ्या आवाजात. दुसऱ्यांदा वाचताना एक ओळ निवडायची, आवडली म्हणून किंवा खटकली म्हणून. ती वहीत हातानं उतरवायची. मग टायमर सहा मिनिटांवर लावून मराठीत चार ओळी लिहायच्या. वही साधी, दुरेघी, शाळेची चालेल. महागडी वही घेतली की चांगलंच लिहिण्याचं दडपण येतं.

मराठीतच का, याला भावनेपलीकडचा आधार आहे. २००३ साली बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी, मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की लोकांना दोन्ही भाषांतले शब्द दाखवून आणि ऐकवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. लहानपणी ऐकलेले रागावण्याचे शब्दप्रयोग मातृभाषेत ऐकले तेव्हा अंगाची प्रतिक्रिया जास्त तीव्र होती. इंग्रजीत ‘आय अॅम स्ट्रेस्ड’ म्हणून माणूस मोकळा होतो आणि कुठेही काही हलत नाही. ‘जीव गुदमरतोय’ हे लिहिताना हलतं. याची दुसरी बाजूही आहे: फार जवळचं, फार ताजं दुःख असेल तर सुरुवातीला इंग्रजीचं अंतर उपयोगी पडतं. तेव्हा दोन-चार दिवस इंग्रजीत लिहून मग मराठीकडे आलं तरी चालतं.

मुक्तछंदात लिहू नका, निदान पहिला महिना. पान कोरं आणि बंधन काहीच नाही, अशा वेळी मन त्याच त्याच गोल फेऱ्या मारू लागतं: माझ्याच बाबतीत असं का, मी इथे का आलो, मला का जमत नाही. असले ‘का’चे अमूर्त प्रश्न नैराश्य वाढवतात, आणि ‘काय झालं, कधी, कुठे’ असे मूर्त प्रश्न त्यातून बाहेर काढायला मदत करतात, असं चिंतनचक्रावरच्या, म्हणजे त्याच त्याच विचारात घोळत राहण्यावरच्या, संशोधनातून दिसलेलं आहे. अक्षरं मोजायचं बंधन नेमकं हेच काम करतं. मोजणाऱ्या मनाला फेऱ्या मारायला जागा कमी उरते.

आपल्याकडे यासाठी तयार साचा आहे: मोठा अभंग. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. वृत्ताची गणितं न येणाऱ्यालाही बोटांवर मोजून जमतो. उदाहरणादाखल, कुणीही पहिल्या फटक्यात लिहील अशी ओळ घ्या: ‘मन फार दुःखी’. सहा अक्षरं बरोबर भरली, पण पुढे काही सुचत नाही, कारण तिच्यात पाहण्यासारखं काही नाही. आता स्वतःला विचारायचं, आज नेमकं काय झालं?

प्रयोग फसला
पुन्हा आज रात्री
उरली न खात्री
आकड्यांची

दुःख हा शब्द गेला आणि त्याच्या जागी रात्र आली, आकडे आले. आता दुसरं कडवं, शरीरात काय होतंय त्यावर:

गुरूंचा ईमेल
उघडेना हात
धडधड आत
थांबवेना

आणि तिसरं, समोर डोळ्यांना जे दिसतंय त्यावर:

बर्फ खिडकीशी
चहा गार झाला
निरोप न आला
घरातून

घटना, शरीर, समोरची वस्तू, हा क्रम धरावा. यात काव्य म्हणून थोर काही नाही आणि असायची गरजही नाही. तिसऱ्या कडव्यात घरच्या निरोपाची वाट पाहणं आपसूक वर आलं, ते मात्र बघण्यासारखं आहे. पहिल्या कडव्यात प्रयोग फसल्याचं दुःख वाटत होतं. तिसऱ्यापर्यंत पोचल्यावर कळतं की आज घरी फोन करायला हवा. बंधनातून लिहिताना यमक जुळवायच्या नादात असं काही हाताला लागतं, जे सरळ विचारलं असतं तर सापडलं नसतं. वही उघडी ठेवून त्याच वेळी फोन करावा. भारतात पहाट असेल तर संदेश टाकून ठेवावा.

अडखळण्याच्या जागाही ठराविक आहेत. यमकासाठी खोटं लिहिलं जातं. ‘हसू’ आलं की ‘आसू’ येतंच. असं झालं तर यमक सोडून द्या, अक्षरसंख्या ठेवा. कुणी वाचेल या धास्तीनं वहीत शहाणपणाच्या ओळी येऊ लागतात; मग लिहून झाल्यावर पान फाडायची मुभा स्वतःला द्या. तिसरी जागा आपल्या लोकांची खास: पहिल्या आठवड्यातच कविता समाजमाध्यमावर टाकायची हौस. टाकू नका. पसंतीचे आकडे मोजणं म्हणजे पुन्हा तीच मूल्यमापनाची यंत्रणा, जिच्यापासून दहा मिनिटं सुटका हवी होती.

वेळेची मर्यादा कडक पाळावी, याला कारण आहे. भावना मोकळेपणानं लिहिण्यावरचा पहिला गाजलेला प्रयोग जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्हींबद्दल लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या तुलनेनं कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना अधिक वाईट वाटत होतं आणि रक्तदाबही वाढलेला होता. नंतरच्या अनेक अभ्यासांत फायदा आढळला तो सरासरीनं लहानच. म्हणून झोपायच्या आधी लिहू नये. लिहिण्यात आणि झोपण्यात निदान दोन तास असावेत. लिहून झालं की उठून भांडी घासावीत, खाली जाऊन कचरा टाकून यावा, हातापायांना काम द्यावं. लिहिता लिहिता आता सहन होणार नाही असं वाटलं तर त्याच क्षणी थांबायचं आणि विषय बदलायचा. हा नियम खुद्द पेनबेकर यांनीच दिलेला आहे आणि त्याला अपवाद नाही.

कवितेचं काम कुठे संपतं तेही मोजून ठरवावं, अंदाजानं नको. पीएचक्यू-९ ही नैराश्याची पातळी पाहणारी नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दर महिन्याच्या एक तारखेला वहीच्या मागच्या पानावर ती भरावी. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्यायची. वही चालू ठेवा, पण तिच्या भरवशावर बसू नका. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी माणसाशी बोलायचं. अमेरिकेत ९८८ हा मदतवाहिनीचा क्रमांक फोन आणि संदेश दोन्हींसाठी चोवीस तास चालू असतो. भारतात असाल तर टेलि-मानस, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. परदेशातल्या फोनवरून हा क्रमांक लागेल असं धरून चालू नका, तिथला स्थानिक क्रमांकच लिहून ठेवा.

समुपदेशनाला जायला आपली मुलं एका भीतीपोटी टाळतात: व्हिसावर परिणाम होईल. केंद्रातल्या भेटी गोपनीय असतात, त्यांची माहिती व्हिसा कार्यालयाला कळवली जात नाही. उलट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना आजारपणामुळे, मानसिक आजार धरून, कमी कोर्स घेण्याची परवानगी नियमातच आहे. एका पदवीपातळीसाठी एकूण बारा महिन्यांपर्यंत. त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं. इथे एक चूक फार महागात पडते: आधी कोर्स सोडायचा आणि मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायचं. क्रम उलटा हवा. कार्यालयातल्या अधिकाऱ्याची मंजुरी नोंदली गेल्यावरच कोर्स सोडायचा, नाहीतर व्हिसाची स्थिती धोक्यात येते.

राहिला गटाचा भाग. ही सेवा एकट्यापेक्षा चार ते सहा जणांत जास्त टिकते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत एवढी मराठी मुलं भेटतात. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. त्या आठवड्यातली एक कविता एकानं निवडायची, दोघांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचायची, दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग ज्याला वाचावंसं वाटेल त्यानं वाचायचं. वाचण्याची सक्ती नको. दुसऱ्याच्या ओळींवर सूचना नकोत, ‘हा शब्द असा हवा होता’ नको, आणि ‘अरे, तू गाइड बदल’ असला सल्ला तर नकोच. ऐकणाऱ्यानं फक्त कुठली ओळ लक्षात राहिली तेवढं सांगायचं. एकाच लॅबमधले दोघं शक्यतो एका गटात नसावेत, नाहीतर बोलणं लगेच गाइडवर येतं आणि तिथेच अडकतं.

पहिल्या बैठकीला इंग्रजी कविता ठेवण्यापेक्षा मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग घ्यावेत. रुसून दार लावून बसलेल्या मोठ्या भावाला धाकटी बहीण बाहेरून हाका मारते आहे. निदान पहिलं कडवं बहुतेकांच्या कानावर असतं, चालीवर म्हणता येतं, अवघडलेपण मोडतं. आणि दार बंद करून बसण्याचा विषय कुणी स्वतःचं काही न सांगताही खोलीत येतो. इंग्रजी दुसऱ्या आठवड्यापासून.

गट चालवणाऱ्यानं एक काम न विसरता करायचं. कुणी लागोपाठ दोनदा आला नाही, तर व्हॉट्सअॅपवर ‘सगळं ठीक ना’ असं टाकून थांबू नये. त्याला ‘हो’ असंच उत्तर येतं. फोन करावा. उचलला नाही तर संध्याकाळी डब्यात खिचडी घेऊन त्याच्या दारात जावं, आणि समुपदेशन केंद्रात जायला तो तयार झाला तर वेळ त्याच्यासमोरच घेऊन त्या दिवशी सोबत चालत जावं. पहिल्या भेटीला एकट्यानं जाणंच अनेकांना अवघड वाटतं, दुसऱ्या भेटीला ते स्वतः जातात.